एका जोडाक्षरासाठी पाच महिने

ऑक्टोबर २०२२ मध्ये, पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल पाडला त्याच महिन्यात, मी हिंजवडीतल्या एका मोठ्या बहुराष्ट्रीय तंत्रज्ञान कंपनीत रुजू झाले. त्याआधीची चार वर्षे मी एरंडवण्यातल्या तीस माणसांच्या कंपनीत होते. तिथे एखादी चूक सापडली की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगायचे, दुपारपर्यंत ती दुरुस्त करायची आणि संध्याकाळी ग्राहकाला फोन करून कळवायचे, एवढाच शिरस्ता होता. नव्या ठिकाणी पगार जवळजवळ दुप्पट होता, जेवण फुकट होते आणि कोथरूडहून सुटणारी कंपनीची बस वाकडच्या पुलाखाली अडकली तरी तिच्यात वायफाय चालू असे. या सगळ्याचे अप्रूप दोन महिन्यांत संपते, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते मी केलेल्या एका लहानशा दुरुस्तीविषयी, कारण मोठ्या कंपनीत काम करणे म्हणजे काय हे मला त्या दुरुस्तीमुळे जेवढे कळले तेवढे कुठल्याही प्रशिक्षणात कळले नव्हते.

१९ सप्टेंबर २०२३ रोजी गणेश चतुर्थी होती. सुट्टी घेऊन मी सांगलीला आईकडे गेले होते. आई मराठी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आहे आणि फळ्यावरचा ऱ्हस्व-दीर्घ तिच्या नजरेतून आजही सुटत नाही. दुपारी तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. तिच्या सोसायटीच्या गटावर सचिवांनी पाठवलेल्या संदेशाची सूचना पडद्यावर आली होती आणि ती अशी होती: ‘सोसायटीतील सर्व गणेशभक्तांना नम्र विनंती श्’. त्यापुढे पत्त्यांतल्या चौकटसारख्या काळ्या आकृतीत एक पांढरे प्रश्नचिन्ह होते. ते ॲप आमच्याच कंपनीचे होते. आई म्हणाली, “अगं, तुमच्या कंपनीला जोडाक्षरं येत नाहीत का?”

मी हसले, पण पुण्याला परतल्यावर पहिल्याच दिवशी तो कोड शोधून काढला. सूचनेत संदेशाचा फक्त सुरुवातीचा तुकडा दिसावा म्हणून आमची प्रणाली मजकूर १२० बाइटांवर कापत होती. बाइट हे संगणकात मजकूर मोजायचे माप. रोमन लिपीतले साधे अक्षर एका बाइटात बसते. पण युनिकोडमधले, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांच्या सामाईक यादीतले, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, मात्रा असो की हलन्त (अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह), यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट घेते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचणाऱ्याला चार अक्षरांचे दिसते, पण संगणकासाठी ती दहा चिन्हे आणि तीस बाइट असतात. रोमनमध्ये लिहिले तर हेच नाव अकरा बाइटांत संपते. सचिवांच्या संदेशात ‘श्रींच्या’ या शब्दाआधी ११३ बाइट झाले होते. पुढचे सहा ‘श’ आणि हलन्त यांनी घेतले, एक बाइट उरला आणि त्या एका बाइटात ‘र’चा तिसरा हिस्सा मावला. तो हिस्सा वाचता न आल्यामुळे फोनने त्याच्या जागी ते प्रश्नचिन्ह काढले.

गंमत अशी की १२० ला तिनाने भाग जातो. त्यामुळे कापाच्या आधी येणाऱ्या रिकाम्या जागा, स्वल्पविराम वगैरे एकेका बाइटाच्या चिन्हांची संख्या तिनाच्या पटीत असली, तर चिन्ह मधोमध फुटत नाही. सचिवांनी ‘विनंती’नंतर द्यायला हवा होता तो स्वल्पविराम दिला असता, तर अशी चिन्हे पाचाऐवजी सहा झाली असती, प्रश्नचिन्ह उमटले नसते आणि उघडा पडलेला ‘श्’ बहुधा कुणाच्या लक्षातही आला नसता. या कोडसाठी कुणीतरी पूर्वी एक चाचणीही लिहून ठेवली होती, आणि तिच्यात देवनागरी मजकूर होता. ‘नमस्ते’ हा शब्द रिकामी जागा न सोडता वीस वेळा लिहिलेला होता. अठरा बाइटांचा शब्द, मध्ये एकही जागा नाही. मग कापलेला तुकडा ‘नमस्’पाशी सुबकपणे संपत होता आणि चाचणी वर्षानुवर्षे हिरवा दिवा दाखवत होती. ज्याने ती लिहिली त्याने काळजी घेतली नव्हती असे मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे देवनागरी वाचणारे माणूस नव्हते, एवढेच.

मी तिकीट, म्हणजे चुकीची रीतसर नोंद, उघडले. तिकिटाला प्राधान्य द्यावे लागते: पी-शून्य म्हणजे सगळे काही बंद पडले आहे, पी-एक म्हणजे आजच्या आज, आणि पी-तीन म्हणजे सवडीने, ज्याचा व्यवहारातला अर्थ ‘कधीच नाही’ असा होतो. मी पी-दोन लिहिले होते. दोन दिवसांत कुणीतरी ते पी-तीन केले. त्या फाइलच्या माथ्यावर ‘मालक’ म्हणून ज्या टीमचे नाव होते, तिला पाठवलेला निरोप परत आला, कारण ती टीमच उरली नव्हती. नोव्हेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात मेटाने अकरा हजारांहून अधिक, गूगलने सुमारे बारा हजार आणि मायक्रोसॉफ्टने दहा हजार लोक कमी करण्याचे जाहीर केले, ते आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले. आमच्या कंपनीतही त्या हंगामात फेररचना झाली. अशा वेळी माणसे जातात हे बाहेरच्यांना दिसते. त्यांनी लिहिलेला कोड मागे राहतो आणि रोज कोट्यवधी वेळा चालत राहतो, हे दिसत नाही. त्याला बोलीत आम्ही अनाथ कोड म्हणतो. तो मोडला नाही तोवर कुणी हात लावत नाही, आणि तो मोडला आहे हे सांगायला जावे तर सांगायचे कुणाला, इथूनच प्रश्न सुरू होतो.

माझा पहिला बदल चार ओळींचा होता: कापताना चिन्हाची हद्द पाहायची आणि अर्धवट बाइट टाकून द्यायचे. डब्लिनच्या एका ज्येष्ठ अभियंत्याने तो तपासला. तो फार सभ्यपणे आणि फार बारकाईने तपासणारा माणूस होता. त्याने विचारले की प्रश्नचिन्ह जाईल हे खरे, पण तुझ्याच तिकिटात लिहिल्याप्रमाणे ‘श्’ उघडा पडणे हीसुद्धा चूक आहे. मग अर्धीच दुरुस्ती का? त्याचे बरोबर होते आणि मला त्याचा राग आला. एरंडवण्यात मी चार ओळी टाकून मोकळी झाले असते.

अक्षर म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आता मला संगणकासाठी सोडवायचा होता. वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटते, त्याच्या हद्दी ठरवण्याचे नियम युनिकोडने दिलेले आहेत. पण त्या नियमांनुसार पूर्वी हलन्तानंतर तोडण्याची मुभा होती, म्हणजे ‘श्री’चे ‘श्’ आणि ‘री’ असे दोन तुकडे होऊ शकत. सप्टेंबर २०२३ मध्येच आलेल्या युनिकोड १५.१ या आवृत्तीत हे बदलले आणि देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू व मल्याळम या लिप्यांची जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम आला. कंपनीची मजकूर हाताळणारी सामाईक लायब्ररी, म्हणजे सगळ्या टीमनी वापरायचा तयार कोड, जुन्या आवृत्तीवर होती. ती सांभाळणारी टीम बंगळूरला बसते. तिथल्या ज्या सहकारी बाईंना मी भीतभीत निरोप पाठवला, त्या मूळच्या केरळातल्या कोट्टायमच्या निघाल्या. त्यांनी दहा मिनिटांत व्हिडिओ कॉल लावला आणि पहिले वाक्य इंग्रजीत असे म्हटले की ही लायब्ररी अद्ययावत करा अशी मागणी कुणीतरी करावी म्हणून मी वाट पाहते आहे. मागणी नसताना काम करायला त्यांनाही परवानगी नव्हती. फोन ठेवताना त्यांनी बजावले की तमिळ या नियमात आलेली नाही, तिचे ‘क्ष’ अजून तुटेल, ते कागदपत्रात लिहून ठेव. मी लिहून ठेवले.

हा कागदपत्र म्हणजे डिझाइन डॉक. चार ओळींच्या बदलासाठी तो लागला नसता. पण लायब्ररीची आवृत्ती बदलायची म्हटल्यावर जगातल्या सगळ्या भाषांच्या सूचनांवर परिणाम होणार होता, आणि मग तो सक्तीचा झाला. सहा पाने झाली. त्यात प्रश्न काय, पर्याय कोणते, न निवडलेले पर्याय का नाकारले, चूक झाली तर मागे कसे फिरायचे, हे सगळे लिहावे लागते. सुरुवातीला मला हे लिखाण म्हणजे वेळेचा अपव्यय वाटे. आज वाटत नाही, कारण तिसऱ्या पानावर ‘मागे कसे फिरायचे’ याविषयी मी लिहिलेल्या दोन वाक्यांनीच पुढे मला वाचवले. गोपनीयतेच्या तपासणीचा अर्ज मात्र मला अजूनही अनाकलनीय वाटतो. आम्ही मजकूर साठवत नाही, फक्त वेगळ्या जागी कापतो, हेच उत्तर मी त्यात निरनिराळ्या शब्दांत पुन्हापुन्हा दिले.

मान्यता देणारे तिघे होते आणि त्यांतले दोघे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. त्यांच्या सकाळी नऊची बैठक आमच्याकडे रात्री साडेनऊला असे. ५ नोव्हेंबरला त्यांनी आपली घड्याळे एक तास मागे घेतली आणि ती रात्री साडेदहाला गेली. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. त्या आठवड्यात बैठक रद्द करता येईल का, असे मी विचारले आणि त्यांनी ती आनंदाने पुढे ढकलली, हे त्यांच्या श्रेयासाठी सांगितले पाहिजे. फक्त पुढची मोकळी वेळ थेट आभारप्रदर्शनाच्या, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या, सुट्टीनंतर मिळाली. त्यानंतर डिसेंबरच्या मध्यापासून नाताळनिमित्त बदलबंदी लागली. लोक सुट्टीवर असताना काही बिघडू नये म्हणून या काळात प्रत्यक्ष वापरातल्या प्रणालीत नवा कोड सोडत नाहीत. बंदी लागली तेव्हा माझा बदल तिन्ही मान्यता मिळवून बसला होता आणि एका बटणापुरता अडला होता.

मधल्या काळात चाचण्या लिहिल्या. हा भाग मला सर्वांत आवडला. ‘कार्त्स्न्य’सारखे पाच व्यंजनांचे ओझे वाहणारे शब्द शोधून काढले, आईला फोन करून विचारले, तिने हौसेने आणखी दहा सांगितले. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द मी घातले होते. डब्लिनच्या अभियंत्याने शेरा मारला की ही चाचणी दोनदा आली आहे, एक काढ. एकात रफार आहे आणि दुसऱ्यात मराठीचा चंद्रकोरीसारखा अर्धा र. एक समुद्र आहे आणि दुसऱ्या सह्याद्रीत असतात. आणि संगणकाच्या दृष्टीनेही दोन्हींतली र-ची चिन्हे वेगळी आहेत, असे मी त्याला समजावले. त्याने उत्तरात फक्त एवढेच लिहिले की दोन्ही ठेव, आणि हे स्पष्टीकरण कोडमध्ये टिपणी म्हणून घाल. आता त्या फाइलमध्ये समुद्र आणि दऱ्या शेजारी शेजारी आहेत.

जानेवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात बंदी उठली. मोठ्या कंपनीत बदल सगळ्यांसाठी एकदम सुरू करत नाहीत. आधी शंभरातल्या एका वापरकर्त्याला, मग दहांना, मग निम्म्यांना, असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर आलेखांकडे पाहत थांबायचे असते. एक टक्क्यावर तीन दिवस काही झाले नाही. दहा टक्क्यांवर गेलो त्याच रात्री, पहाटे तीनच्या सुमारास, माझा फोन अशा आवाजात वाजला की शेजारच्या खोलीतली मैत्रीणही उठून बसली. त्या आठवड्यात ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाला की केव्हाही उठून पाहण्याची पाळी, माझ्याकडे नव्हते. ज्याच्याकडे होते त्याने मला उठवले होते. सूचना पाठवणाऱ्या सर्व्हरांना लागणारा वेळ अचानक वाढला होता, सूचना उशिरा जात होत्या आणि आलेखाची रेघ पर्वतीच्या पायऱ्यांसारखी चढत होती.

कारण मला पाचच मिनिटांत कळले आणि कळल्यावर पोटात गोळा आला. कापायची जागा शोधण्यासाठी माझा कोड आधी संपूर्ण संदेशाची अक्षरे मोजत होता. संदेश छोटा असेल तर काहीच हरकत नाही. पण आपल्याकडे सकाळी सकाळी जे सुविचार, आयुर्वेदिक उपाय आणि कुणाच्या तरी नावावर खपवलेल्या लांबलचक गोष्टी पुढे ढकलल्या जातात, त्या हजारो चिन्हांच्या असतात, आणि देशातली ज्येष्ठ मंडळी पहाटेच उठतात. सूचनेत दिसणार चाळीसेक चिन्हे, आणि त्यासाठी मी दरवेळी अख्खे पुराण वाचत होते. डिझाइन डॉकच्या तिसऱ्या पानावर लिहिल्याप्रमाणे एक फ्लॅग, म्हणजे बदल चालू-बंद करायची कळ, बंद केला आणि वीस मिनिटांत रेघ खाली आली. त्यानंतर झोप लागली नाही. आपली नोकरी गेली, असे मला मनापासून वाटत होते.

ती गेली नाही. सकाळी मॅनेजरने पहिला प्रश्न विचारला तो ‘झोपलीस का?’ असा होता आणि दुसरा, ‘पोस्टमॉर्टेम कधी लिहितेस?’ असा. बिघाडाची ही चिकित्सा लिहिताना कुणाच्याही माथी दोष मारायचा नाही, माणसांची नावे घ्यायची नाहीत, असा दंडक आहे. मराठीच्या तासाला शिकलेला कर्मणी प्रयोग इथे मला पहिल्यांदा उपयोगी पडला, जरी लिहायचे इंग्रजीत होते: बदल सोडला गेला, मर्यादा घातली गेली नव्हती, फ्लॅग बंद करण्यात आला. या पद्धतीची बाहेर पुष्कळ थट्टा होते आणि तिच्यात थोडे ढोंग असतेही, कारण ‘तो बदल’ कुणाचा हे सर्वांना ठाऊक असते. तरीही मी ती तीस माणसांच्या कंपनीतल्या रिवाजापेक्षा बरी मानते. तिथे चूक झाली की साहेब सगळ्यांसमोर नाव घेत असत आणि पुढच्या वेळी लोक चूक लपवत असत. इथे आठ लोक तासभर बसले आणि प्रश्न विचारत राहिले: चाचण्यांत लांब मजकूर का नव्हता, एक टक्क्यावर हे का दिसले नाही, इशारा वाजायला वीस मिनिटे का लागली. पहिल्याचे उत्तर मला द्यायचे होते. मी दोन महिने जोडाक्षरांवर खर्चले होते आणि लांबीचा विचार केला नव्हता, हे मी कर्तरी प्रयोगात सांगितले.

दुरुस्ती एका ओळीची होती: मजकुरातले सुरुवातीचे काहीशे बाइटच आधी बाजूला घ्यायचे आणि मग त्यांतच अक्षराची हद्द शोधायची. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बदल शंभर टक्क्यांवर गेला. शेवटी मूळ कोड तेवीस ओळींचा झाला आणि चाचण्या त्याच्या कितीतरी पट.

मार्चमध्ये वार्षिक मूल्यमापन आले. त्यात आपल्या कामाचा ‘प्रभाव’ लिहायचा असतो आणि तो आकड्यांत लिहिलेला असला तर बरा समजला जातो. आईच्या फोनवरचे प्रश्नचिन्ह गेले, हे आकड्यांत कसे लिहायचे? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८.३ कोटी लोक आहेत. त्यावर हिंदी, नेपाळी, कोंकणी आणि बाकीच्या पाच लिप्यांचे वाचक, असे मी लिहिले. मॅनेजरने जनगणना काढून टाकली, कारण ते आपले वापरकर्ते नव्हेत, आणि त्याऐवजी ‘सूचना उघडण्याच्या प्रमाणात वाढ’ हा आलेख टाकला. वाढ इतकी किरकोळ होती की ती मोजताना मला संकोच वाटला. बढती त्या वर्षी मिळाली नाही. माझ्या बरोबरीच्या एका सहकाऱ्याने त्याच काळात एक नवे, दिसायला देखणे वैशिष्ट्य बाजारात आणले आणि त्याला ती मिळाली. वर्षभराने ते वैशिष्ट्य बंद झाले. मी यावरून कडवट झाले नाही असे म्हणणे खरे ठरणार नाही, पण तो मुलगा चांगला आहे आणि नियम त्याने केलेले नव्हते.

आईला मी बदल पूर्ण झाल्याचे कळवले होते. तिने पुढच्या सूचनेचे छायाचित्र काढून पाठवले, त्यात ओळ ‘नम्र विनंती’पाशी स्वच्छ संपत होती. खाली तिने लिहिले होते की सचिवांना स्वल्पविरामाचे सांगितले आहे.

लायब्ररीची आवृत्ती बदलली तेव्हा त्या फाइलच्या माथ्यावरचे ‘मालक’ हा रकानाही भरावा लागला होता. दुसरे कुणी पुढे येत नव्हते, म्हणून तिथे आमच्या टीमचे नाव घातले गेले. गेल्या आठवड्यात चेन्नईच्या कार्यालयातून एक तिकीट माझ्याकडे आले: सूचनेत तमिळ ‘क्ष’ मधोमध तुटतो, सोबत पडद्याचे छायाचित्र, आणि पाठवणाऱ्याच्या वडिलांनी ते दाखवल्याचा उल्लेख. डिझाइन डॉकमधले माझेच वाक्य मी त्याला उत्तरादाखल पाठवले. या तिमाहीत टीममध्ये दोन माणसे कमी आहेत. त्याने तिकिटाला पी-दोन दिले होते. मी ते पी-तीन केले आहे.